डाका रिन्यूअल आणि पावतीचा घोळ (माझा अनुभव)

डाका (DACA) म्हणजे लहानपणी अमेरिकेत आलेल्या, पण आता व्हिसा नसलेल्यांना दोन-दोन वर्षांपुरती हद्दपारीपासून सूट आणि कामाचा परवाना. तो रिन्यू करणाऱ्यांनी आधी एवढं वाचा, बाकीचं सावकाश. कामाच्या परवान्याचं जुनं कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही तर रिन्यूअल अर्जाच्या पावतीवर नोकरी चालू राहत नाही. कार्डावर कॅटेगरीच्या खाली सी३३ (डाकाचा कोड) छापलंय ना, मग आपल्याला पावतीवर कार्डाची आपोआप मुदतवाढ नाही.

मी २००६ मध्ये आईबाबांबरोबर एच-४ वर (एच-१बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) अमेरिकेत आलो, शाळकरी होतो. २००९ च्या मंदीत बाबांची नोकरी गेली, त्यांच्याबरोबर आमचा व्हिसाही. डाका आल्यापासून दर दोन वर्षांनी हेच चाललंय. २०२४ मध्ये पण फॉर्म, वर्कशीट, बोटांचे ठसे सगळं सुरळीत झालं. (फी त्या एप्रिलपासून ऑनलाइन ५५५ डॉलर, कागदावर भरलं तर ६०५, म्हणून ऑनलाइनच करा.)

आणि मग अर्जाचं स्टेटस हलेचना. कार्डाची तारीख जवळ यायला लागली तसं मी एचआरला आधीच कळवलं, तर तिथल्या बाई म्हणाल्या काळजी करू नकोस, पावती दे, आपल्याकडे एका मुलीचं तसंच झालं होतं. ती मुलगी एच-४ वाली, तिची कॅटेगरी वेगळी, तिला पावतीवर मुदतवाढ मिळायची, मला नाही, हे मी लिहून दिलं, नियमाचं पान जोडलं, तरी "वी आर गुड" असं उत्तर. शेवटच्या आठवड्यात त्यांच्या वकिलाने आय-९ ची (कामाचा परवाना तपासल्याचा फॉर्म) फाइल उघडली आणि संध्याकाळी मेल, उद्यापासून बिनपगारी रजा. लॅपटॉप परत पाठवायला खोकं घरी आलं, त्यात चार्जर ठेवायचा कप्पासुद्धा वेगळा होता! माणसाच्या कागदांपेक्षा चार्जरची काळजी जास्त. त्यात आमच्या राज्यात लायसन्सची तारीख कार्डाला बांधलेली, म्हणजे गाडीही बंद, किराणा आणायलाही बायको. सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर मात्र पहिल्या पगारापासून कापलं जातंय, त्यात कधी खंड नाही.

याच दिवसांत एका गेट-टुगेदरला एक काका भेटले, स्वतः ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षांच्या वर. म्हणाले, आम्ही नियमाने थांबतो आणि तुम्हाला नागरिकत्व द्या म्हणून मोर्चे. त्यांचा राग मला कळतो, पण मी म्हटलं काका, माझी रांग कुठली ते दाखवा, आत्ता जाऊन उभा राहतो. डाकातून ग्रीन कार्डाला रस्ताच नाही. देश सोडून बाहेरून अर्ज करावा तर माझ्यासारख्याला दहा वर्षं परत यायची बंदी. आमच्यासारख्यांना ग्रीन कार्डाचा रस्ता देणारा ड्रीम अ‍ॅक्ट २००१ पासून संसदेत येतोय आणि जातोय, २०१० मध्ये हाऊसने पास केला, सिनेटमध्ये ५५ मतं पडली आणि तरी अडकला कारण ६० लागतात. काका म्हणाले "ते खरंय रे" आणि प्लेट घेऊन दुसरीकडे गेले.

शेवटी उपयोग झाला तो आमच्या काँग्रेसमनच्या (इथल्या खासदाराच्या) स्थानिक ऑफिसचा, निदान मला तरी तसंच वाटतं. मतदानाचा हक्क नसला तरी त्या भागात राहणाऱ्या कुणालाही मदत मागता येते, एका संमतीपत्रावर सही करायची, सोबत बिनपगारी रजेचं पत्र आणि घरभाड्याचा करार जोडायचा. तिथल्या मुलीने फोनवर माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, एवढ्या महिन्यांत असं पहिल्यांदाच कुणी केलं. कार्ड आलं. पण त्यावरची तारीख मंजुरीच्या दिवसापासून, मधले दिवस कुणी भरून देत नाही, आणि ते बेकायदा वास्तव्यात धरले जातात ते वेगळंच.

अर्ज मुदतीच्या १५० ते १२० दिवस आधी करा म्हणतात, तर १५० व्या दिवशीच करा. मुदत संपून वर्ष उलटलं तर तो नवीन अर्ज धरतात आणि नवीन अर्ज मंजूर होणं २०२१ च्या कोर्टाच्या निकालापासून बंद आहे, तेव्हा फीचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, कुणाकडून तरी उसने घ्या. आणि हो, घर बदललं तर १० दिवसांत इमिग्रेशन खात्याला पत्ता कळवा, नाहीतर कार्ड जुन्या पत्त्यावर जाईल.