पॉलिश

परवा दुपारी कोरेगावच्या पुढे एका गावात आमची एसटी अडकली. समोर मिरवणूक. लग्नसराई नाही, निवडणूक नाही, म्हणून मोबाइलवर तारीख बघितली. दोन. साताऱ्याकडच्या माणसाला एवढं पुरतं. फौजी महिनाअखेरीला रिटायर होतो, एक-दोन दिवसांत घरी पोचतो आणि हल्ली गाव त्याला वेशीपासून वाजतगाजत आणतं. उघडी जीप, बॉनेटवर झेंडूच्या माळा, पुढे हलगी आणि मागे हलगीला मुळीच न जुमानणारा डीजे. कंडक्टरने पाय लांब केले. "अर्ध्या तासाची निश्चिंती."

जीपमध्ये फौजी उभा, शेजारी बायको, दोघांनाही फेटे. फ्लेक्सवर 'सेवानिवृत्ती' आणि माणूस फार तर अडतीसचा. निवृत्त म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कानटोपी येते. पण २०२२पूर्वी अठराव्या-विसाव्या वर्षी भरती झालेला जवान पंधरा वर्षं भरली की पेन्शनला पात्र होतो. पोरं अजून शाळेत असतात. या गड्याला हातांचं काय करावं तेच सुचत नव्हतं. जोडावेत तर पुढारी वाटतो, हलवावेत तर नवरदेव. शेवटी मुठी आपोआप पँटच्या शिवणीला जाऊन टेकल्या.

मला मात्र त्याचे बूट बघायचे होते. ही माझी जुनी खोड. माणूस भेटला की माझी नजर आधी खाली जाते.

खोड लावली ती नानांनी, म्हणजे माझ्या मोठ्या चुलत्यांनी. मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. रविवारी संध्याकाळी आम्हा पाच भावंडांचे शाळेचे बूट ओसरीवर एका ओळीत लागायचे. चेरी ब्लॉसमच्या झाकणात थोडं पाणी, बोटाला गुंडाळलेलं जुनं धोतर. आधी ब्रश, मग बोटाच्या पेराएवढी बारीक गोल गोल वर्तुळं. पाण्याचा एक थेंब, पुन्हा वर्तुळं. एका बुटाला पाव तास. मध्ये कुणी बोललेलं चालत नसे. "दिसतंय का तोंड?" असं विचारत ते बूट आमच्या नाकापुढे धरत. दिसायचं, पडलेल्या दातासकट. सोमवारी तेच बूट घालून आम्ही ओढ्यातून शाळेत जायचो. नाना काही बोलत नसत. पुढच्या रविवारी चिखल खरवडण्यापासून सुरुवात.

नानांना कुणी जीपमधून आणलं नव्हतं. दिवेलागणीला मुक्कामाच्या गाडीतून उतरले. वडील सायकल घेऊन फाट्यावर गेले होते. नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक कॅरिअरवर ठेवली आणि दोन बाजूंनी धरून दोघं भाऊ चालत आले. आजीने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, तो कुत्र्याने खाल्ला. झाली मिरवणूक. १४ जानेवारीला माजी सैनिक दिवस असतो. लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती जनरल करिअप्पा १९५३ साली त्या तारखेला निवृत्त झाले, म्हणून. पण आमच्याकडे तेव्हा संक्रांतीची गडबड. त्या दिवशी नानांच्या हातावर तिळगूळ पडायचा, तेवढाच.

"ह्ये तर काहीच न्हाई," शेजारचे आजोबा म्हणाले आणि अपशिंग्याचं सांगू लागले. नावातच मिलिटरी असलेलं गाव. पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावचे ४६ जण कामी आले, इंग्रज सरकारने त्यांचं स्मारक बांधलं. आकडा सांगताना आजोबांनी आवाज उगाचच खाली आणला, डीजे एवढा दणदणत असताना. मग म्हणाले, "त्यास्नी कुठली आलीय जीप?"

जीप मारुतीच्या देवळाशी थांबली. औक्षण झालं. फौजी उतरला आणि गर्दीत दिसेनासा झाला. पोरं नाचत होती, गुलाल उधळत होती, एक काकू पाटीतले पेढे थेट एसटीच्या खिडक्यांतून वाटत होत्या. मलाही मिळाला. देवाला नारळ फुटल्याचा आवाज आला, तशी गर्दी आत सरकली. ड्रायव्हरने तेवढी फट साधून गाडी काढली.

देवळाच्या पायरीपाशी पन्नासेक चपलांचा ढीग होता, कुठलीही कुठेही, काही पालथ्या. त्याच्या कडेला, थोडे अंतर राखून, काळे बूट. टाचा जुळवलेल्या, चवडे फाकवलेले, आत मोजे घडी करून. डाव्या बुटावर गुलाल सांडला होता.

मी पेढ्याचा कागद चुरगाळून खिशात ठेवला. पुढच्या स्टॉपपर्यंत माझं बोट आपलं गुडघ्यावर गोल गोल फिरत होतं.