दहा वाघिणी : चौथ्या गाण्याची नोंद

मागची नोंद मे महिन्यातली. त्यात मी बिनधास्त लिहून टाकलं होतं की गिटारवरचं माझं चौथं गाणं, 'दहा वाघिणी', झालं, आता फक्त रेकॉर्डिंग उरलंय. झालं नव्हतं. जून-जुलैमध्ये ते पूर्ण मोडलं आणि ऑगस्टमध्ये परत जुळवलं. जुन्या गाण्यातल्या दोनच गोष्टी शिल्लक राहिल्या, आज्जी आणि कळशी.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी 12 एप्रिलला आली, दहा वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाक्यांचे दहा डबे, पाच लाख लिटर. आदल्या रात्री आमच्या घरात हाच विषय चालला होता आणि माझी धाकटी बहीण, तेव्हा पहिलीत, रडायलाच लागली. तिला वाटलं खरोखरच्या दहा वाघिणी येणार. आज्जी मात्र पहाटे कळशी घेऊन स्टेशनाकडं निघाली. तिथं पाणी वाटणार नव्हते, ते आधी शुद्धीकरणाला जाणार होतं, हे तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. तरी गेली. रिकामी कळशी घेऊन आली आणि म्हणाली, "हात लावून आले."

इतकंच घडलं. मी सहा महिने त्यावर नको ते रचत बसलो. पहिल्या खर्ड्यातल्या ओळी आता दाखवायला लाज वाटते, पण नोंद म्हणजे नोंद: 'डोळ्यांत पाणी, नळाला नाही, तहानल्या शहराला वाली कुणी नाही.' गिटारवर हे म्हणताना माझे डोळे भरायचे. ऐकणाऱ्यांचे कोरडे. एका मित्रानं तर विचारलं की हे कुठल्या पक्षाच्या प्रचाराचं आहे का. रागावलो, पण घरी येऊन वही उघडली आणि 'तहान', 'व्यथा', 'वाली', 'आसवे' यांवर रेघ मारली. पानभर गाण्यातून चार ओळी उरल्या. त्या चारही ओळींत कळशी होती.

आता खरा घोळ. जुनी चाल कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर, बोटं सीच्या आकारात, म्हणजे सूर काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), आणि सरळ चार मात्रांचं स्ट्रमिंग, मिनिटाला 92 ठोक्यांच्या गतीनं. आपल्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते. पण त्या चारच्या चौकटीत मराठी शब्द बसवताना हात जिथं जोरानं खाली येतो तिथं ऱ्हस्व अक्षर सापडलं की ते ताणलं जातं. 'कळशी' मध्ये क आणि ळ दोन्ही लघु. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, क वर पडली की 'काळशी' ऐकू येतं. 'शहर' वर ओळ संपवली की शेवटचा सूर धरायला जागाच नाही. बोलताना आपण 'शहर्' म्हणतो, गाताना 'शहरऽऽ' करावं लागतं आणि त्याला भलताच नाटकी वास येतो. हे मला दोन वर्षं कळत नव्हतं. आवाजच वाईट आहे असं समजून मी रियाज वाढवत होतो.

मग अभंगाचा छंद करून पाहिला. सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. शब्द पटापट बसले. फक्त एवढंच झालं की दुसऱ्या कडव्याला घरातल्यांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि वडील डोळे मिटून डोलायला लागले. आज्जीची गोष्ट कीर्तनात शिरली. तो कागद ठेवून दिलाय, कधी दुसऱ्या कामाला येईल.

वाट सापडली ती जात्यावर. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमा केल्या, एक लाखाहून जास्त. त्यातल्या पुष्कळ 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात, आपल्या परभणी-बीडकडच्यासुद्धा. आठवडाभर रात्री हेडफोन लावून तेच ऐकलं. या बायका अक्षरं मोजत बसत नाहीत. ओळ लांबली तर लांबली, कमी पडली तर 'गं बाई' घालतात, 'माझ्या' घालतात, आणि जातं त्यांच्यासाठी थांबत नाही तसं त्यांना घाईही करत नाही. फिरतं आपलं. ऐकता ऐकता डोक्यात आलं की माझी गिटार जातं का होत नाही? ती सारखी हातोडा का मारतेय?

मग ट्युनिंग बदललं. सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक पूर्ण सूर खाली, म्हणजे डी-ए-डी-जी-ए-डी. पांढरी दोन सा धरला तर मोकळ्या तारा सा, प, सा, म, प, सा लागतात. तंबोऱ्याची दूरची चुलत बहीणच. अंगठा खर्जाच्या तीन जाड तारांवर संथ फिरत राहतो, दोन बोटं वर अधूनमधून एखादा सूर टाकतात, आणि गाणं आपल्या चालीनं चालतं. ठोके मोजणारा मेट्रोनोम बंद. तोटा एकच, सूर अर्ध्यानं चढला आणि माझा वरचा पंचम फाटायला लागला. तिथली चाल मध्यमावरूनच परतवली. खरं तर आता जास्त बरी वाटते, पण हे हुशारीनं केलेलं नाही, गळ्यानं करायला लावलंय.

आता कडवी दोन-दोन ओळींची आहेत. सुरुवात अशी:

पहाटेच्या पारी, आल्या वाघिणी दहा
धाकटी म्हणे आज्जी, दार लावून ऱ्हा

आणि शेवटचं:

हात फिरविला आज्जीनं, वाघिणीच्या पोटाला
कळशी रिती आली, पाणी लागलं बोटाला

'दहा', 'ऱ्हा', 'पोटाला', 'बोटाला', सगळे शेवट दीर्घ. सूर धरा हवा तेवढा. 'वाघीण' हा शब्द रेल्वेनं आयता दिला, त्याचं श्रेय मी घेत नाही.

रेकॉर्डिंग औसा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी केलं. माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया. लातूरच्या सिमेंटच्या खोलीत टाळी वाजवली की टणकन परत येते, इथं भिंतीत मुरते. मी आधी बळदात, धान्य साठवायच्या कोठीत, बसून पाहिलं, धान्य नाही तर जागा रिकामीच होती, पण आत आवाज डबक्यासारखा घुमला. शेवटी ढाळजेत, दाराजवळच्या बैठकीत, बसलो, समोर दोरीवर दोन वाकळा टांगल्या. एकच कंडेन्सर माइक, बाराव्या फ्रेटपासून दीड वितीवर, थोडा वर, तोंडाकडं वळवलेला. गळा आणि गिटार एकाच ट्रॅकवर. नंतर काही वेगळं करता येत नाही, म्हणून चूक झाली की पहिल्यापासून. पहिल्या चार टेकमध्ये बारीक गुणगुण आली. लॅपटॉपचा चार्जर काढला की ती गेली. बॅटरी सव्वा तास टिकते, म्हणजे टेक मोजूनच.

गिटारचे हाल वेगळे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात मान आक्रसून फ्रेटची टोकं बाहेर आली होती, हात फिरवला की ओरखडे. साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज घालून ती केसमध्ये ठेवायची युक्ती इथल्याच एका जुन्या गिटारवाल्यानं सांगितली होती, ती लागू पडली. आता पावसाळ्यात उलटं, पोट फुगून तारा उंच झाल्यात. डबी काढून ठेवली.

नववा टेक चालू असताना पाऊस आला आणि माळवद गळायला लागलं. टप, टप, खाली ठेवलेल्या घमेल्यात. टेक मात्र आजवरचा सगळ्यात चांगला निघाला. ज्यांना ऐकवला ते सगळे म्हणतात हाच ठेव, दुष्काळाच्या गाण्यात पावसाचं पाणी, काय योगायोग! मला तो लबाडीचा वाटतो. त्या साली आमच्या घमेल्यात काही पडत नव्हतं. ऐकणाऱ्याला वाटेल मी मुद्दाम घातलं, आणि गोष्ट आज्जीच्या बोटावरून माझ्या हुशारीवर जाईल. नववा टेक बाजूला ठेवलाय, पुसलेला नाही.

तेवढ्यात आज्जी ढाळजेत येऊन उभी राहिली. "काय कुरकुर करूलालास रे सकाळपास्नं?" मी शेवटचं कडवं म्हणून दाखवलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "रिती नव्हती आली. येताना नळकांड्यापाशी गळत होतं, तिथनं अर्धी भरून आणली. तुमालाच पाजली की."

हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बहिणीला फोन केला, तिला काहीच आठवत नाही. वडील म्हणतात रितीच होती, आज्जी आता काहीही सांगते.

तर गाणं पुन्हा अडलंय. 'कळशी रिती आली' च्या जागी 'अर्धी कळशी आली' अक्षरांत नीट बसतं, पण मग बोटाची ओळ कशाला उरते? दोन्ही म्हणून पाहिली. माळवदावर पांढरी माती टाकायला गडी रविवारी येतोय, त्यानंतर दहावा टेक. तोवर आज्जीला परत एकदा विचारणार आहे, या वेळी माइक चालू ठेवून.