तुम्ही विचारलंत म्हणून : लायसन झालं, आता गाडी कुठली घेऊ?

मी बेळगावचा टॅक्सीवाला. आठवड्याला एखादा तरी पोरगा मला हे विचारतोच. कधी उचगाव फाट्यावर चहा पिताना, कधी लग्नात गाडी लावून मी पंगतीची वाट बघत असताना. विचारणारा बहुतेक उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर उभा राहून वैतागलेला असतो. "मामा, डीएल झालं बघा. टॅक्सी लाईनीत यायचं म्हणतोय. डिझायर घेऊ की एर्टिगा?"

माझं उत्तर ऐकून त्याचं तोंड उतरतं. कुठलीच घेऊ नको, म्हणतो मी. वर्षभर दुसऱ्याची चालव, मग बघू. त्याला वाटतं मामाला लाईनीत नवीन माणूस नकोय. उभ्या उभ्या यापेक्षा जास्त सांगता येत नाही, म्हणून आज बसून सांगतो.

ज्यांचं लायसनच झालेलं नाही त्यांच्यासाठी आधी ते उरकतो, कारण या सगळ्यात सोपं काम तेच आहे. वयाची अठरा पूर्ण झाली की एलएलआर, म्हणजे शिकाऊ लायसन मिळतं. अर्ज सरकारच्या सारथी साइटवर करायचा. परीक्षेत खुणा आणि नियम विचारतात, साठ टक्के बरोबर आले की झालं. एलएलआर सहा महिने चालतं आणि तीस दिवस झाले की पक्क्या लायसनची टेस्ट देता येते. सरकारी फी बघितली तर शिकाऊला १५०, त्या परीक्षेचे ५०, पक्क्या टेस्टचे ३०० आणि लायसनचे २००. एजंटाला तुम्ही किती देता ते तुमचं तुम्हाला माहीत. शिकवायचे पैसे ड्रायव्हिंग स्कूलला जरूर द्या, ते हक्काचे आहेत. पण आरटीओत नुसतं तुमच्याबरोबर उभं राहायचे पैसे कुणाला द्यायचे, हे मला आजवर कळलेलं नाही.

टेस्टमध्ये चढावर गाडी थांबवून परत उचलायला लावू शकतात. पोरं हॅण्डब्रेकवर ते कसंबसं निभावतात आणि विसरून जातात. पुढं आंबोली घाटात समोरून एसटी, मागं डंपर, गाडीत सहा माणसं आणि वर कॅरिअरला बोजा असतो तेव्हा हीच गोष्ट परत करायची असते. तेवढी नीट शिकून घ्या.

आता बॅज. जुने मालक अजून पहिला प्रश्न हाच विचारतात, "बॅज आहे काय?" पूर्वी पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची गाडी चालवायला लायसनवर ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद लागायची, तिलाच लाईनीत बॅज म्हणतात. त्याला आठवी पासची अट होती. शिक्षणाची अट केंद्राने २०१९ मध्ये काढली. आणि वेगळ्या नोंदीचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने जुलै २०१७ मध्येच सांगितलं, की हलक्या वाहनाचं लायसन असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतची टॅक्सीसुद्धा चालवू शकतो. विमा कंपन्यांनी ते पटवून घेतलं नाही, प्रकरण घटनापीठाकडे गेलं, आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींनी तेच कायम केलं. एवढं पाठ करून ठेवा, कारण मालकाला सांगायची वेळ येते. एक गोष्ट मात्र तशीच आहे: भाड्याची गाडी चालवायला वय वीस पूर्ण लागतं. अठरा-एकोणीसची पोरं मामाच्या टॅक्सीवर बसलेली मी बघतो. अपघात झाला तर मामाच खडी फोडायला जाईल.

लायसनचं एवढंच. खरा विषय पाटीचा आणि परमिटचा आहे, आणि तो पुण्या-बेंगळुरूच्या पोरांपेक्षा आपल्याला जास्त कळायला पाहिजे.

पुण्याचा टॅक्सीवाला वर्षभर पुण्यात फिरून पोट भरू शकतो. बेळगावात तसं भागत नाही. गावातल्या गावात रिक्षा आहेत, बस आहे, ज्याला त्याला मोटारसायकल आहे. टॅक्सीला भाडं मिळतं ते बाहेरगावचं. आणि आपलं बाहेरगाव म्हणजे काय? बाची संपली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. निपाणी ओलांडली की कोगनोळी टोल, पुढं कागल, म्हणजे महाराष्ट्र. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला उतरला की गोवा. चंदगडची माणसं दवाखान्याला बेळगावलाच येतात, कोल्हापूर त्यांना लांब पडतं. गडहिंग्लजचा सैनिक सुट्टी संपवून सांबऱ्याला विमान पकडतो. अमावास्येला आदमापूर, चैत्रात जोतिबा, आणि यल्लम्माला सौंदत्ती तेवढी कर्नाटकात. म्हणजे दहातली सात-आठ भाडी सीमेपलीकडची.

आणि पोरगं काय करतं? शोरूममध्ये जातं, सेल्समन म्हणेल ती गाडी घेतं, एजंट म्हणेल ते परमिट काढतं. बहुतेक वेळा ते नुसतं कर्नाटकाचं असतं, कारण ते स्वस्त पडतं. मग पहिलंच भाडं कोल्हापूरचं येतं. कर्नाटकाच्या परमिटवर पलीकडं जायचं तर दर खेपेला तात्पुरतं परमिट आणि त्या राज्याचा टॅक्स भरायचा. ऑनलाइन भरता येतो, पण भरायचा तर असतोच, आणि सकाळी पाच वाजता गिऱ्हाईक दारात उभं असताना कोण भरत बसणार? मग न भरता जायची सवय लागते, आणि एके दिवशी सगळ्या महिन्याचं एकदम भरावं लागतं.

आपल्या भागात धंदा करायचा तर ऑल इंडिया टूरिस्ट परमिट. त्याचे नियम २०२१ मध्ये सोपे झाले आणि २०२३ मध्ये पुन्हा नवे आले. फी एकाच ठिकाणी ऑनलाइन भरायची, केंद्र ती राज्यांना वाटून देतं, नाक्यानाक्यावर पैसे मोजायचं कारण उरत नाही. बदल्यात गाडीत प्रवाशांची यादी ठेवावी लागते, आणि वाटेत सीट भरून घेता येत नाहीत. वडापसारखं कागलला दोन उतरवले, निपाणीला तीन भरले, हे या परमिटवर चालत नाही. कोल्हापूरहून रिकामं परत येताना मोह होतो, माहीत आहे मला. टाळा.

इथं कुणीतरी हमखास म्हणतं, "मग कोल्हापूरचं एमएच-०९ पासिंग करतो की. शिनोळीत आत्याचं घर आहे, तिचा पत्ता देतो." देऊ नका. कायद्याने गाडीची नोंदणी मालक राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी जिथं उभी असते तिथली लागते. आत्याच्या पत्त्यावर पासिंग केलं, तर दर एफसीला, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेटला, आत्याच्या राज्यात हेलपाटे. आणि एफसी हा एकदाचा सोपस्कार नसतो: नव्या टॅक्सीला पहिली दोन वर्षं, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. तुमचं घर बेळगाव तालुक्यात आहे, केए-२२ घ्या. चिकोडी-निपाणीकडचे असाल तर केए-२३.

सीमावादाचं वातावरण तापतं तेव्हा कुठलीही पाटी कुठंतरी नको असतेच. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडी टोलवर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं. अशा दिवसांत दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात आणि टॅक्सीचे फोन वाजायला लागतात. दर दुप्पट मिळतो. मी जात नाही. काच फुटली तर विम्याचा कागद घेऊन कुणाकुणाच्या दारात बसायचं, आणि आठ दिवस गाडी उभी, हा हिशोब दुप्पट भाड्यात बसत नाही. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाला, बेळगावात मिरवणुकांनी रस्ते भरलेले असतात, त्या दिवशी गाडी धुऊन घ्यावी. ज्याला जे वाटतं ते त्याने मनात ठेवावं, पण गाडीच्या मागच्या काचेवर कुठल्याही बाजूची घोषणा चिकटवू नये. गाडी हुबळीलाही जाते आणि कोल्हापूरलाही.

कन्नड बोलायला आपल्यातल्या बऱ्याच जणांना येतं, वाचायला येत नाही. अक्षरं शिकून घ्या. धारवाडच्या पुढं आत खेड्यात लग्नाचं भाडं घेऊन गेलात की पाट्या नुसत्या कन्नडमध्ये असतात, आणि नवरदेवाला घेऊन चुकीच्या गावात शिरलं की मागं बसलेली करवली काय बोलते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता पैशाचं. नवीन पोरगा बेळगाव-कोल्हापूर ११० किलोमीटर बघतो, त्याला किलोमीटरच्या दराने गुणतो आणि खूश होतो. गाडी परत यायची आहे हे त्याच्या ध्यानातच नसतं. बाहेरगावच्या भाड्यात जाणं-येणं दोन्ही धरतात, शिवाय बहुतेकजण दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर लावतात. कोल्हापूर जाऊन-येऊन २२० भरतं. गिऱ्हाईक म्हणतं, "ओ, २२० च झालंय की, २५० चे कसले पैसे?" त्याला निघायच्या आधी सांगितलं नसेल तर महालक्ष्मीच्या दारात भांडण. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा बाटा (भत्ता) वेगळा, हेही आधी बोलायचं. कोल्हापूरच्या वाटेवर हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन टोल लागतात, फास्टॅग तुमचा असेल तर पैसे तुमच्या खात्यातून गेलेले असतात आणि गिऱ्हाइकाला ते दिसत नाहीत. म्हणून मी निघतानाच कागदावर लिहून पुढच्या सीटवर ठेवतो.

गोव्याचं गणित अजून वेगळं. सोडायला जाता येतं, आणायचं म्हटलं की तिथल्या टॅक्सीवाल्यांशी गाठ असते. हॉटेलच्या दारात बाहेरची पिवळी पाटी थांबलेली त्यांना खपत नाही. त्यांच्याशी भांडू नका. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. येतानाचं भाडं मिळेल असं धरून दर कमी करणाऱ्याचं डिझेल चोर्ल्याच्या चढावर संपतं. पावसाळ्यात त्या घाटात धुकं असं उतरतं की बॉनेट दिसत नाही. तेव्हा मोपाचं विमान पकडणाऱ्याला दोन तास आधी निघायला सांगायचं, आणि तो ऐकत नसेल तर भाडं सोडायचं. गाडीला ८० चा स्पीड गव्हर्नर असतो. मागून "जरा दाबा की ओ" म्हटलं तरी ती सपाट रस्त्यावरसुद्धा ऐंशीच्या पुढं जाणार नाही, घाटात तर सोडाच.

वर्षभर दुसऱ्याची गाडी चालव म्हणतो ते यासाठी. मे महिन्यातला गल्ला बघून हप्ता ठरवला की पितृपक्षात तोंडचं पाणी पळतं. वर्षभराचा फेरा एकदा डोळ्याखालून गेला पाहिजे: लग्नसराई, यात्रा, पावसाळ्यात आंबोलीला धबधबा बघायला जाणारे, मग आषाढात आणि पितृपक्षात गाडी दारात, आणि डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की गाड्यांना येणारी मागणी. त्या वर्षात तुम्हाला कळतं, तुमची गिऱ्हाइकं तिघं-चौघं असतात की सहा-सात जणांचं कुटुंब असतं. डिझायर की एर्टिगा हे तेव्हा तुमचं तुम्हालाच कळेल, मला विचारायला येणार नाही तुम्ही.

दुसऱ्याची गाडी धरताना मालकाला चार गोष्टी विचारा, लाजू नका. पगार की बाटा की दोन्ही. दंड झाला तर कुणी भरायचा: वेगाचा तुमचा, कागदाचा त्याचा, असं मी म्हणेन. रात्री गाडी कुठं लावायची. आणि विमा, परमिट, एफसी, पीयूसी यांच्या तारखा. त्यांचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये घ्या. जीपीएस आणि पॅनिक बटण चालू आहे का तेही बघा, एफसीला गाडी त्यावरून अडते.

सगळ्यात जास्त नोकऱ्या मिळतात त्या व्हाईट बोर्डवर, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीवर, हे खरं आहे. कुणाची तरी घरची एर्टिगा, मालक दुबईत, भाऊ गाडी भाड्याने सोडतो. पगारही बरा देतात. परमिटशिवाय भाडं मारताना सापडलं तर कायद्यात पहिल्या खेपेलाच १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद लिहिली आहे. गाडी जप्त होते ती मालकाची, पण स्टेशनात बसतो तो स्टिअरिंगवरचा. आणि खाजगी विम्यावर भाड्याचे प्रवासी असताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. "काही होत नाही ओ, आरटीओत आपली ओळख आहे," असं मालक म्हणाला की त्याला किल्ली परत द्या आणि दुसरीकडं विचारा. पिवळ्या पाटीचे मालकही ड्रायव्हर शोधतच असतात. बेळगाव स्टेशनबाहेर सकाळी सातच्या आत गेलात तर दोन-चार तिथंच भेटतील.