कोपऱ्यावरचं बंद दुकान आणि झोनिंग बोर्डाची हिअरिंग

न्यू जर्सीत आर्किटेक्ट म्हणून काम करते, झोनिंग बोर्डाच्या (कुठल्या भागात घर, कुठे दुकान या नियमांच्या केसेस ऐकणारं गावाचं मंडळ) हिअरिंग नेहमीच्याच, पण ही केस काही डोक्यातून जात नाही. खाली दुकान, वर राहायची जागा, अशी जुनी लाकडी बिल्डिंग, आजूबाजूला सगळी घरं. कोल्हापूरकडच्या एका जोडप्याला तिथे किराण्याचं दुकान टाकायचं होतं. ब्रोकर म्हणाला "ग्रँडफादर्ड आहे, बिनधास्त घ्या", म्हणजे नियमाच्या आधीपासूनचं म्हणून चालतं, आणि टाऊनमध्ये विचारलं तर उत्तर आलं की हा रेसिडेन्शियल झोन आहे, दुकान चालणार नाही. डिपॉझिट भरून बसलेले, दोघांच्या तोंडचं पाणीच पळालं.

इथल्या १९७५ च्या लँड यूज कायद्यात सरळ लिहिलंय की झोनिंगचा नियम आला तेव्हा जो वापर आधीपासून चालू होता तो पुढेही चालू ठेवता येतो. हा हक्क जागेचा असतो, मालक बदलला म्हणून जात नाही. फक्त सिद्ध करायची जबाबदारी मागणाऱ्याची. नियम बदलून वर्ष झालं नसेल तर जुना वापर चालू ठेवता येतो असं सर्टिफिकेट टाऊनचा अधिकारीच देऊ शकतो, त्यानंतर बोर्डाकडेच जायचं, आणि इथे तर झोन बदलून कित्येक दशकं उलटलेली. म्हणजे २०० फुटांतल्या सगळ्या मालकांना किमान १० दिवस आधी नोटीस, पेपरात जाहिरात, सगळं आलं.

मग कागद शोधायला लागलो. सॅनबॉर्न कंपनीचे जुने नकाशे आमच्या कामात सोन्यासारखे, आगीच्या विम्यासाठी काढलेले, एकेक बिल्डिंग रंगवलेली, विटांची गुलाबी आणि लाकडाची पिवळी. झोनिंगच्या आधीच्या शीटवर आमचा कोपरा सापडला, पिवळा चौकोन आणि त्यात स्पष्ट 'एस', म्हणजे स्टोअर. शेजारच्या सगळ्या चौकोनांवर 'डी', राहती घरं. मी त्या जोडप्यातल्या वहिनींना स्क्रीनवर दाखवलं तर त्या कितीतरी वेळ त्या एका अक्षराकडेच बघत होत्या.

पण खरी अडचण वेगळीच होती, दुकान बरीच वर्षं बंद होतं. वापर सोडून दिला असेल तर हक्क जातो. मात्र इथे नुसतं शटर खाली असणं पुरत नाही, सोडून द्यायचा इरादा असावा लागतो आणि तो वागण्यातूनही दिसावा लागतो. (न्यूयॉर्क शहरात असं नव्हतं, तिथे २०२४ पर्यंत राहत्या भागातलं दुकान सलग दोन वर्षं बंद राहिलं की बहुतेक वेळा खेळ खलास व्हायचा. म्हणून दुसऱ्या गावातल्या मित्राचा सल्ला ऐकून जागा घेऊ नका, प्लीज.) आमच्या बाजूने काय होतं, तर काउंटर आणि फळ्या जागच्या जागी, दुकानाचा विजेचा मीटर वेगळा आणि कधीच न काढलेला, आणि आधीच्या मालकाने दुकान म्हणूनच भाड्याने द्यायच्या दिलेल्या जाहिराती.

हिअरिंगला एका शेजाऱ्याने पार्किंगवरून विरोध केला, त्याचंही चुकीचं नव्हतं, रस्ता अरुंदच आहे. पण इथे प्रश्न दुकान असावं की नसावं हा नव्हताच, आधी होतं का आणि सोडून दिलं का एवढाच होता. मग समोरच्या घरातल्या आजी शपथेवर बोलल्या. शाळेतून येताना इथून ब्रेड न्यायच्या, कोणत्या इयत्तेत होत्या तेही सांगितलं, बोर्डाच्या वकिलाने तिथल्या तिथे हिशोब केला तर ते वर्ष झोनिंगच्या आधीचं निघालं!

सर्टिफिकेट मंजूर झालं. बाहेर आल्यावर दादांनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, लगेच विचारलं, "ताई, मग मागे छोटं किचन टाकून पोळी-भाजी पण सुरू करू का?" मला नाही म्हणावं लागलं. जे होतं तेवढंच चालू ठेवायचा हा हक्क, दुकानाचं खानावळ करायचं तर यूज व्हेरियन्स, म्हणजे झोनमध्ये न बसणाऱ्या वापराची खास परवानगी लागते आणि तिला सात जणांच्या बोर्डात पाच मतं हवीत. दादा थोडे हिरमुसले. वहिनी म्हणाल्या, आधी किराणा तर चालू दे, आणि दुसऱ्या दिवशी क्लोजिंगची, म्हणजे खरेदी पक्की करायची, तारीख ठरवायला वकिलाला फोन केला.