लुंबिनी, मतदार कार्ड आणि तहसीलचं ते टेबल

बुद्धांचं जन्मस्थान लुंबिनी नेपाळात आहे, आणि नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टही लागत नाही. निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड असलं की झालं. १९५० च्या भारत-नेपाळ करारापासून ही ये-जा मोकळी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण यंदा दसऱ्याला दीक्षाभूमीवर जो भेटला तो हेच सांगत होता, "आता लुंबिनीलेही पासपोर्ट लागते म्हणे, कायदा बदलला."

कायदा बदलला हे खरं. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांचा नवा कायदा लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे त्यात गुंडाळले गेले. कागदपत्रांशिवाय देशात शिरणाऱ्या परदेशी माणसाला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. पण त्याच सुमारास निघालेल्या आदेशात नेपाळ-भूतानच्या सीमेवरून येणाऱ्या भारतीयांची, नेपाळ्यांची आणि भूतानच्या लोकांची सूट कायम ठेवली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दंडाचा आकडा फिरला, सूट कोणी फिरवली नाही. त्यात २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने म्यानमार सीमेवरची मोकळी ये-जा बंद करायची घोषणा केली होती. तिथल्या डोंगरी लोकांना सोळा किलोमीटरपर्यंत पलीकडे जाता येत होतं. तेव्हापासून 'पुढचा नंबर नेपाळचा' असं लोक म्हणतच होते. सप्टेंबरातच काठमांडूत जाळपोळ होऊन सरकार पडलं, सीमेवर तपासणी वाढली. आमच्या लुंबिनीच्या धम्मयात्रेच्या आयोजकांनी धसका घेतला आणि फर्मान काढलं: प्रत्येकाकडे आत्ताच्या नावाचं, आत्ताच्या पत्त्याचं मतदार कार्ड पाहिजे, नसेल तर यादीतून नाव कमी.

घरातून आम्ही पाच जण. बाबा सत्तरीपुढचे आणि मुलगी अकरा वर्षांची, दोघांना आधार पुरतं. पासष्टच्या वर आणि पंधराच्या खाली ते चालतं. आईचं आणि माझं कार्ड ठीक. बायकोचं कार्ड मात्र अजून माहेरच्या गावचं, तिच्या वडिलांच्या नावाचं आणि आडनावाचं. लग्नाला बारा वर्षं होऊन गेली तरी आम्ही ते हलवलं नव्हतं, कारण मतदानाच्या निमित्ताने तिला हक्काने माहेरी जाता यायचं.

पत्ता बदलायला फॉर्म ८, म्हणजे मतदार यादीतल्या बदलाचा अर्ज, भरला. आमच्या बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणाऱ्या, गावातल्याच अंगणवाडीच्या ताई. घरी आल्या, चहा घेतला, मोबाइलमध्ये नोंद केली, काम झालं. पण एका फॉर्मवर एकाच बदलाची खूण करता येते. नाव दुरुस्त करायला पुन्हा फॉर्म ८. आणि तो फॉर्म जो तहसीलला जाऊन बसला, तो बसलाच.

निवडणूक शाखेच्या टेबलावरच्या बाबूंनी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "हे ठीक हाय, पण राजपत्र लागते."

राजपत्र म्हणजे नाव बदलल्याची सरकारी गॅझेटमध्ये छापून आलेली नोंद. "लग्नानंतरचं नाव लावायला राजपत्र कायले, साहेब?" मी विचारलं.

"नियम कडक झाले ना आता. तुमाले बाहेर देशात जायचं हाय ना?"

इथे माझं डोकं सटकलं. मतदार यादीतली नावाची दुरुस्ती आणि सीमेवरचा कायदा यांचा काडीचा संबंध नाही. पण 'नेपाळ' हा शब्द ऐकल्यावर त्यांनी आमच्या फायलीकडे संशयाने पाहायला सुरुवात केली ती कायमची. (म्हणून सांगतो, टेबलावर कशासाठी कार्ड पाहिजे हे बोलूच नका. कार्ड हवं आहे, एवढंच.)

त्यानंतर नेहमीचं सुरू झालं. साहेब मीटिंगला गेले. ऑपरेटर सुटीवर. नगरपालिकेच्या निवडणुका आहेत, नंतर या. एकदा तर "ऑनलाइन भरलं ना, मंग इथं काऊन आले?" असं विचारलं. ऑनलाइन पाहावं तर पडताळणी पूर्ण, आणि टेबलावर विचारावं तर "आमच्याकडे काही आलंच नाही." इकडे कापूस फुटून लोंबत होता, वेचायला बाया मिळेनात, आणि मी तहसीलच्या व्हरांड्यात बाकावर. सगळा तालुका तिथे भेटतो, एवढाच फायदा. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "अहो, तुम्ही चौघं जाऊन या. मी राहते कापसापाशी." त्या वाक्याने मी हट्टाला पेटलो.

तहसीलबाहेरच्या चहाच्या टपरीवर आमच्या बाजारपेठेत रात्री शिट्टी मारत फिरणारा गुरखा भेटला. कित्येक वर्षांपासून इथे आहे, वऱ्हाडी आमच्यापेक्षा बरी बोलतो. त्याला बहिणीच्या लग्नाला गावी जायचं होतं आणि धास्ती एकच, परत येऊ देतील का. जी अफवा आमच्याकडे आली तीच त्याच्याकडे उलट्या दिशेने पोचली होती. त्याला मी सूट समजावून सांगितली. १९५० च्या करारात तर राहणं, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा या बाबतीत दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात सारखी वागणूक द्यायचं कबूल केलेलं आहे. तो म्हणाला, "भाऊ, हे तुमी लिहून देता का?" माझ्या सहीला कोण विचारतं! पण त्यावरून मला सुचलं की आपणही तोंडी बोलणं बंद करावं.

मतदार मदतीचा नंबर १९५० आहे. कराराचं सालही तेच, हा योगायोग बाकावर बसून सुचला, दुसरं काम नव्हतं. तिथे फोन केला तर बाईंनी नीट सांगितलं की फॉर्मसोबतच्या सूचना वाचा, कुठला पुरावा जोडायचा ते त्यातच आहे. त्या सूचनांची प्रिंट काढली, राजपत्र कुठे लिहिलं आहे ते दाखवा असा साधा अर्ज मराठीतून लिहिला आणि आवकमध्ये देऊन शिक्क्याची पोच घेतली. आधीच घ्यायला हवी अशी चीज म्हणजे ही पोच. ती घेऊन थेट नायब तहसीलदारांच्या पुढ्यात उभा राहिलो. त्यांनी कागद वाचला, बाबूंना हाक मारली, आणि चहा थंड व्हायच्या आत मंजुरी झाली. बाबू माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमी आधीच सांगाचं होतं." काय सांगायचं होतं ते त्यांनाच माहीत.

एक राहिलंच. नवरा-बायको, मुलं, आई-वडील एकत्र जात असतील तर एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असलं तरी बाकीच्यांना फोटो आणि नातं दाखवणारं ओळखपत्र, म्हणजे रेशन कार्डासारखं काही, चालावं अशी सवलत नियमांत आहे. आयोजकांना ते दाखवलं. "ते जुनं झालं," एवढंच उत्तर. सूट कायम असल्याचा आदेश दाखवला तर म्हणे, "तरी पण." या 'तरी पण'ला औषध नाही.

नागपूरहून राप्तीसागर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून बसने सीमेवरचं सोनौली. कमानीखालून पायी निघालो. एसएसबीच्या, म्हणजे आपल्या सीमा दलाच्या, जवानाने बायकोचं कार्ड हातात घेतलं, तिच्याकडे पाहिलं आणि परत दिलं. सगळ्यात कमी वेळ तिथेच लागला. पलीकडे घड्याळ पंधरा मिनिटं पुढे आणि आपल्या शंभराचे एकशेसाठ नेपाळी. आम्ही शंभराच्याच नोटा नेल्या होत्या, कारण २०१८ मध्ये नेपाळने त्याहून मोठ्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या. सुटे असले की बसवाल्याशी वादही होत नाही. लुंबिनीत अशोकाच्या स्तंभापाशी आई बराच वेळ बसली. बाबा मात्र परतीच्या बसचीच चौकशी करत होते.

पासपोर्ट काढावा का, असं आता गावात पुष्कळ जण विचारतात. साध्या पासपोर्टला माणशी दीड हजार रुपये आहेत, पोलीस पडताळणी वेगळी. ज्याला जमेल त्याने काढावा, पण त्यासाठी यंदाची लुंबिनी पुढे ढकलू नये.

आमच्या वहिनीचं नाव अजून तिच्या माहेरच्या यादीत आहे. पुढच्या वर्षी ती आणि दादा जायचं म्हणतात. तिचा पहिला फॉर्म ८ या आठवड्यात भरतो. दुसऱ्याच्या वेळी सूचनांची प्रिंट घेऊन मी स्वतः जाणार आहे, त्याच टेबलावर.