शांतिनिकेतन : कलाभवनाच्या अंगणातला मेळा

शांतिनिकेतनला बहुतेक लोक पौष मेळ्याला जातात. मी मुद्दाम डिसेंबरची पहिली तारीख धरली. १ आणि २ डिसेंबरला तिथल्या कलाभवनात, म्हणजे रवींद्रनाथांच्या विश्वभारती विद्यापीठाच्या कलाशाळेत, नंदन मेळा भरतो, तिथले थोर चित्रकार-शिक्षक नंदलाल बोस यांच्या वाढदिवसाच्या तोंडावर. त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ चा.

हावड्याहून बोलपूर अडीच-तीन तास. वर्धमान मागे पडलं आणि एकतारा घेतलेला एक बाऊल, म्हणजे बंगालचा फिरस्ता भक्तिगायक, डब्यात चढला. शब्द सगळे कळले नाहीत, पण समोरच्या आजोबांनी खिडकी मिटून घेतली, गाणं नीट ऐकू यावं म्हणून. स्टेशनबाहेर 'टोटो' उभ्या, म्हणजे आपली ई-रिक्षा. माती आपल्या कोकणासारखी लाल.

मेळ्यातली चित्रं, ठसे, कॅलेंडरं, मातीची भांडी हे सगळं तिथल्याच विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी केलेलं असतं. विक्रीचे पैसे विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत जमा होतात. कुणी आजारी पडलं, कुणाची घरची परिस्थिती बिघडली, तर त्यातून मदत होते. मी एक कप उचलून पाहत होते, तर मांडणीमागची मुलगी म्हणाली, "सांभाळून, दिदी, कालच भट्टीतून निघालाय." कुणी केला विचारलं, तर तिने शेजारी खोकी उचलणाऱ्या गृहस्थांकडे बोट दाखवलं. ते तिचे शिक्षक! इथे शिक्षकांना सर म्हणत नाहीत. नावापुढे 'दा', नाहीतर 'दी'. थोर शिल्पकार रामकिंकर बैजही मुलांचे 'किंकरदा'च होते.

त्यांचं 'संथाळ कुटुंब' हे शिल्प तिथेच, उघड्या अंगणात उभं आहे. संथाळ म्हणजे इथले आदिवासी. १९३८ चं. खांद्यावर कावड, कावडीत मूल, बरोबर बायको आणि कुत्रा. घर उचलून निघालेली माणसं. संगमरवर नाही, ब्राँझ नाही. सिमेंट आणि इथलीच लाल खडी. मी बराच वेळ तिथून हलले नाही. विद्यापीठाच्या अंगणात राजाचा किंवा देणगीदाराचा पुतळा नसून शेजारच्या वस्तीतलं कुटुंब असावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पैशांची चणचण या संस्थेला पहिल्यापासून. विश्वभारती १९२१ साली सुरू झाली. पुढच्याच वर्षी सुरुल गावी ग्रामसुधारणेचं काम उभं राहिलं, पुढे श्रीनिकेतन म्हणून ओळखलं गेलेलं. लिओनर्ड एल्महर्स्ट या इंग्रज शेतीतज्ज्ञाने ते सांभाळलं आणि डोरोथी स्ट्रेट या अमेरिकन बाईंनी खर्च उचलला. १९३७ मध्ये चीनहून आलेल्या पुस्तकांनी आणि पैशांनी तान युन-शान यांनी चीनाभवन, म्हणजे चिनी अभ्यासाचं केंद्र, उभं केलं. पण हात कायम आखडलेलाच. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३६ साली, चौऱ्याहत्तर वर्षांचे रवींद्रनाथ आपल्या 'चित्रांगदा' या नृत्यनाट्याचे प्रयोग घेऊन निधीसाठी गावोगाव फिरत होते. दिल्लीत गांधीजींना ते बघवलं नाही. त्यांनी साठ हजार रुपयांची सोय करून दिली, या वयात ही वणवण थांबावी म्हणून. ही हकिकत माझ्या आधीच वाचनात होती, पण मेळ्यात उभी असताना ती वेगळी लागली. कला विकून आपल्या माणसांचं चालवायचं, ही इथली जुनीच रीत आहे.

आणि एक आपलं नाव. कोल्हापूरचे विनायक मासोजी इथे नंदलालांचे विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे इथेच शिक्षक झाले. त्यांच्याविषयी आपल्याकडे किती कमी बोललं जातं!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा त्या मांडणीपाशी गेले. कप दोनच उरले होते. एकाच्या कडेला भट्टीत पडलेला निळसर डाग होता. तो नको, दुसरा घ्या, असं ती मुलगी सांगत होती. मी दोन्ही घेतले. तिने ते बंगाली वर्तमानपत्रात गुंडाळले, पैसे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकले आणि मागे वळून आपल्या दादांना ओरडून सांगितलं, "संपले!"