फळ्यावरचा घाट

आपल्या पूर्णा गावाला घाट नाही. गोदावरीच्या खोऱ्यातली काळी, सपाट जमीन. गाडी स्टेशनातून सुटली की तिचा धूर मैलभर दिसत राहायचा. तरी १९७८ साली, आठवीत असताना, आम्ही पोरं महिनाभर घाटाशिवाय दुसरं काही बोलत नव्हतो.

निम्मा वर्ग रेल्वे क्वार्टरमधला. मनमाड, सिकंदराबाद आणि अकोला अशा तिन्ही वाटांच्या मीटरगेज लायनी पूर्णेत मिळायच्या आणि इंजिनांचं शेड गावातच होतं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, वायपीवर फायरमन. वायपी म्हणजे पॅसेंजर ओढणारं, उंच चाकांचं, देखणं इंजिन. माझ्या बाकावरच्या मित्राचे वडील मालगाडीच्या वायजीवर. तिसरा एकजण नव्या डिझेलच्या, वायडीएम-४ च्या बाजूचा. आणि लातूरहून मामाकडे शिकायला आलेला एक मुलगा होता, तो बार्शी लाइटच्या अडीच फुटी लायनीचं नाव घेऊन सगळ्यांशी भांडायचा. घाटात कोणतं इंजिन जिंकेल, यावरून एकदा मधल्या सुट्टीत प्रकरण हातघाईवर आलं.

शास्त्राचे सर दारात उभे होते. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "भांडता कशाला? शर्यत लावू या की."

त्यांनी फळ्यावर घाट काढला. कसाऱ्याचा. १८६५ साली गाडी जिथून इगतपुरीला चढली, तो थळघाट. दर ३७ फुटांना १ फूट चढ. मग हजाराला ३७ ने भागायला लावलं. २७ आले. म्हणजे या चढावर प्रत्येक टन वजन २७ किलोच्या जोराने मागे ओढतं. चाकांच्या घर्षणाचे ३ किलो सरांनी वर धरले. टनामागे ३० किलो. हा आमच्या शर्यतीचा पहिला नियम.

दुसरा नियम ऐकून आम्ही गप्पच झालो. इंजिनात ताकद कितीही असो, चालत्या चाकांवर, म्हणजे इंजिन ज्यांना स्वतः फिरवतं त्यांच्यावर, जेवढं वजन असेल त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढीच ओढ रुळाला पोचते. त्यापुढे चाक जागच्या जागी फिरतं. आम्ही तोवर हॉर्सपॉवरवरच भांडत होतो.

वायपीला चालत्या चाकांच्या तीन जोड्या, प्रत्येकीवर सुमारे साडेदहा टन. बाकीची चाकं नुसती भार वाहणारी. टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, धरून इंजिन शंभर टनांच्या आसपास, पण पकड फक्त साडेएकतीस टनांची. पकडीचा चौथा हिस्सा घेतला, त्याला टनामागच्या ३० किलोंनी भागलं, इंजिनाचं स्वतःचं वजन वजा केलं आणि उत्तर आलं: इंजिनामागे १६० टन. वायजीला चार जोड्या, म्हणून २५० टन. डिझेल अवघं ७२ टनांचं, पण त्याची सहाच्या सहा चाकजोडं चालती. त्याला टेंडर नाही, फुकटचं ओझं नाही. ते ५२८ टन ओढून गेलं. बार्शी लाइटचं सुरुवातीच्या काळातलं इंजिन सरांना माहीत होतं. कॅलथ्रॉप साहेबाने ती लायनच अशी आखली होती की कुठल्याही चाकजोडावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ नये. चार जोड्या चालत्या, दोन नुसत्या. सगळं इंजिन तीस टनांच्या आत. त्याच्या वाट्याला १३६ टन आले आणि लातूरकर सर्वांत शेवटी राहिला.

मला वायपी हरल्याचं वाईट वाटलं, पण निदान शेवटची नव्हती.

त्या संध्याकाळी मी दादांचा डबा घेऊन शेडमध्ये गेलो. एका कोपऱ्यात वाळू वाळवायची भट्टी होती. दादांनी मूठभर वाळू माझ्या तळहातावर ओतली. गरम, पिठासारखी मोकळी, बोटांच्या फटींतून सुळकन निसटणारी. ओली वाळू नळीत अडकते, म्हणून ती अशी भाजून इंजिनाच्या पेटीत भरायची आणि चाक फिरायला लागलं की चाकापुढे रुळावर सोडायची. मी शर्यतीचं सांगितलं तर ते म्हणाले, "तुझ्या सरांना विचार, रूळ कोरडा होता का ओला? पहिल्या पावसाची भुरभुर झाली की तेल, धूळ आणि पाणी एक होतं. मग ताकद काय चाटायचीय? चौथा हिस्सा कुठला, सहावा मिळाला तरी नशीब."

दुसऱ्या दिवशी मी उभा राहून हे सरांना सांगितलं. सरांनी क्षणभर फळ्याकडे पाहिलं. मग डस्टर घेतलं आणि 'चौथा' पुसून 'सहावा' लिहिलं. म्हणाले, "शेडमधल्या माणसाचं बरोबर आहे. घाटात पाऊस असतोच. पुन्हा करा."

आम्ही पुन्हा गणित केलं. डिझेल ३२८, वायजी १३३. आणि वायपी ७५ वर आली, बार्शी ८१ वर. लातूरचा पोरगा बाकावर चढून नाचला. माझ्याच वडिलांच्या शब्दाने माझंच इंजिन शेवटी गेलं होतं, तरी त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते. माझ्या वडिलांच्या सांगण्यावरून सरांनी फळ्यावरचा आकडा बदलला होता. ज्या मुलाने वडिलांचे काळे हात कधी वर्गात दाखवले नसते, त्याला हे काय वाटलं असेल, ते आज मलाही नीट लिहिता येत नाही.

पुढे भर पडतच गेली. वायजीवाल्या मित्राने हरकत घेतली की डिझेल असंच घाटात तासभर रांगलं तर त्याची चाकं फिरवणाऱ्या विजेच्या मोटरी तापतील. सरांनी ती मान्य करून वेळेची अट घातली. कुणीतरी नीलगिरीच्या डोंगरी रेल्वेचं इंजिन आणलं. कल्लार ते कुन्नूर दर बारा-साडेबारा फुटांना एक फूट चढ, आणि रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी. इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकून वर चढतं. तिथे घसरण्याचा प्रश्नच नाही. मग त्याला शर्यतीत घ्यायचं की बाद करायचं? वर्गाचे दोन तट पडले. सरांनी त्याच्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं आणि तास संपला.

मी रेल्वेतच गेलो. अशी शर्यत एकदा खरोखर लागली होती, हे मला नोकरीत आल्यावर वाचायला मिळालं. ऑस्ट्रियात सेमरिंगच्या घाटातून रेल्वे न्यायची होती आणि गेगा नावाच्या अभियंत्याचा हट्ट होता की साधीच चाकं, साधेच रूळ वापरून ती चढवता येईल. १८५१ साली चार इंजिनं तिथल्या ४० ला १ चढावर उतरवली गेली. बक्षीस होतं २० हजार डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी. ते 'बव्हेरिया' नावाच्या इंजिनाने जिंकलं. टेंडरच्या चाकांनाही साखळ्यांनी जोडून त्यांनी फुकटचं वजन कामाला लावलं होतं, पण त्या साखळ्या टिकेनात. रोजच्या कामाला चारांतलं एकही इंजिन धड ठरलं नाही, आणि त्यांच्यावरून शिकून नवं इंजिन बनवावं लागलं. टेंडरचं ओझं ही आठवीतली आमचीच अडचण होती.

आणि मग कसारा. फळ्यावरच्या घाटात मी खरोखर नोकरी केली, मालगाडीच्या मागे लागणाऱ्या बँकर इंजिनावर, सहायक म्हणून. जून महिन्यातली एक रात्र आठवते. पुढचं इंजिन ओढतंय, आम्ही मागून रेटतोय, आणि भुरभुर सुरू झाली. चाक घसरल्याचा, स्लिपचा दिवा लागला. चाकाखालून किरकिर ऐकू आली, गाडीचा वेग उतरत चालला. ड्रायव्हर साहेबांनी नॉच खाली घेतला, म्हणजे ताकद कमी केली, आणि वाळू सोडली. चाकांखाली वाळू भरडल्याचा तो खरखरीत आवाज आला आणि इंजिनाने रूळ धरला. मी तळहात पाहिला. वीस वर्षांनी पुन्हा तीच गरम वाळू हातात असल्यासारखं वाटलं.

पूर्णेची लाइन ब्रॉडगेज झाली, लातूरचीही झाली. आठवीतली ती वही मात्र मी जपली. निवृत्तीनंतर त्या तक्त्यात एक ओळ वाढवली: मालगाडीचं विजेचं इंजिन डब्ल्यूएजी-९, वजन १२३ टन, सुरुवातीची ओढ सुमारे ४६ टन. म्हणजे चौथ्या हिश्शाच्या कितीतरी पुढे, कारण चाक निसटायच्या बेतात आलं की तिथलं यंत्रच ओढ कमी-जास्त करतं. सरांच्या टनामागे ३० किलोच्या नियमाने १४०० टन. हा आकडा लिहिताना सर आणि दादा, दोघांनाही दाखवावासा वाटला.

ही वही प्रदर्शनासाठी शाळेला देत आहे. नीलगिरीपुढचं प्रश्नचिन्ह तसंच आहे. माझं मत, त्याला घ्यावं. आताच्या आठवीच्या मुलांनी ठरवावं.